निश्चयाच्या चाळीस बैठका

भूपाल मगदूमने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि पेनाला टोपण लावलं.

"मी सही करत नाही," तो म्हणाला.

समोर विक्रांत सरपोतदार बसला होता. कोल्हापूरजवळच्या त्या ओतकामाच्या कारखान्यात तो प्रशिक्षण प्रमुख होता. पुण्याहून आलेला, वय पस्तीस. आवाज कधी चढवत नसे.

"भूपालकाका, नऊ नावं आहेत. नऊ जणांच्या वीस बैठका झाल्यात, वीस राहिल्यात. मार्गदर्शक म्हणून तुमची सही झाली की उरलेल्या सुरू होतील. दर तुकडीला करता, तशीच करायची आहे."

"मला शंका आहे."

सरपोतदारने मान वर केली. भूपाल मगदूम हा 'निश्चय' कार्यक्रमाच्या पहिल्या तुकडीतला पहिला माणूस. गेटमधून आत आलं की समोरच त्याचा फोटो होता, हेल्मेट घातलेला, खाली लिहिलेलं: 'आमचे नेते घडतात'. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द चार वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

"तुमच्या उजळणीच्या बैठका राहिल्यात," सरपोतदार वहीत बघत म्हणाला. "काकू गेल्या तेव्हा चुकल्या, नंतर तुम्ही आलाच नाहीत. म्हणून होतंय हे. चार बैठका घ्या, बरं वाटेल. रविवारपर्यंत वेळ देतो. नाहीतर मार्गदर्शक बदलावा लागेल."

तो हे धमकी म्हणून बोलला नव्हता. आजारी माणसाला गोळी घ्यायला सांगावं, तसं बोलला होता.

निश्चय म्हणजे काय, ते समजायला आधी एक साधी गोष्ट समजली पाहिजे. माणसाचा हात चुकला की त्याला स्वतःला कळायच्या आधी त्याच्या मेंदूला कळतं. कपाळामागे मधोमध मेंदूचा एक भाग आहे, त्याचं कामच लक्ष ठेवायचं. चूक झाली की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात तिथली विजेची रेघ खाली घसरते आणि पुन्हा वर येते. चूक झालेली नसली, नुसतं 'हे बरोबर आहे ना?' असं मनात आलं, तरी थोडी घसरतेच. शास्त्रज्ञांना हे फार वर्षं माहीत होतं. पण ती रेघ बघायला डोक्याला चिकट मलम लावून, वायरी जोडून, न हलता बसावं लागे. मग हेल्मेटच्या आत कपाळावर बसणारी पट्टी निघाली. घाम असो, धूळ असो, ती चालत्या माणसाची रेघ धरायची.

मोजता आलं, म्हटल्यावर बदलताही आलं. पट्टी लावून माणसाला पडद्यापुढे बसवायचे. भराभर निर्णय घ्यायला लावायचे. हा साचा चालेल की नाही, हा माणूस कुठे लावू, काम थांबवू की नको. रेघ खोल घसरली की कानात खर्जातला जड सूर वाजायचा. कमी घसरली की गोड सूर. औषध नाही, शॉक नाही. मेंदूला गोड सूर आवडतो, तो आपोआप शिकतो. चाळीस बैठकांनंतर रेघ जवळपास सरळ चालायची.

आणि आकडे खोटे नव्हते. सरळ रेघेचे सुपरवायझर लवकर ठरवत, ठरवलेलं बदलत नसत, त्यांची माणसं गोंधळत नसत. उत्पादन वाढलं. माल नापास व्हायचं प्रमाणही वाढलं नाही, कारण वाळूची ओल, लोखंडाची उष्णता, ते ओतायच्या भांड्याची उष्णता हे सगळं आता यंत्रंच तपासत होती. व्यवस्थापनाचं म्हणणं सरळ होतं. शंका घ्यायचं काम यंत्राकडे दिलंय, माणसाने आता पुढे व्हावं.

पट्टीला कामगार 'मुंडावळ्या' म्हणत. पहिल्या दिवशी भूपाल ती बांधून आला तेव्हा भट्टीवरच्या पोरांनी विचारलं होतं, "मगदूममामा, नवरी कुठली म्हणायची?"

नवरी घरात होती. पद्मल. तीस वर्षांचा संसार.

निश्चयच्या आधी भूपाल घरी आला की चपला काढता काढता तिला विचारायचा. कुणाला भट्टीवर लावू, कुणाची रजा मंजूर करू, लेकाला बेळगावात खोली बघू की होस्टेल. ती भाकऱ्या थापत उत्तर द्यायची. कधी म्हणायची, "मला काय विचारतासा? मी काय तुमच्या कारखान्यात हाय?" आणि तरी सांगायची. चाळीस बैठका झाल्या आणि ते विचारणं बंद झालं. तो ठरवूनच घरी यायचा. पहिले काही महिने तिला बरं वाटलं. नंतर एकदा ताट वाढताना ती म्हणाली, "आता तुमी विचारत न्हाईसा काही."

"विचारण्यासारखं काय असतंय?" तो म्हणाला होता, आणि जेवू लागला होता.

तो सोमवार होता. त्या भागातल्या कारखान्यांना सोमवारी सुट्टी. दुपारचं जेवण झालं. पद्मलने भांडी घासली आणि भिंतीला टेकून बसली.

"छातीत जळजळतंय हो. डाव्या हातालाबी कळ लागलीया."

"पित्त हाय. झुणका केवढा तिखट केलतास. सोडा घे, पड जरा."

"दवाखान्यात जाऊया काय?"

"काय गरज न्हाई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत हा माणूस साध्या तापाला दोन डॉक्टर करणारा. आता इतक्या ठामपणे म्हणतोय म्हटल्यावर तिचा विश्वास बसला. तिने सोडा घेतला आणि आडवी झाली. भूपाल मागच्या दारी नळाचं वायसर बदलत बसला. दीड तासाने आत आला तेव्हा ती गेली होती. दवाखाना घरापासून आठ मिनिटांवर होता.

लेक, अजित, बेळगावहून आला. दिवस झाल्यावर त्याने बापाला समोर बसवून विचारलं, "डाव्या हाताला कळ म्हणाली ती. तुम्हाला काहीच वाटलं नाही, पप्पा?"

"वाटलंच नाही," भूपाल म्हणाला.

ते खरं होतं. खोटं बोलला असता तर पोराने एखादवेळ माफही केलं असतं. पोरगा उठला, बॅग भरली आणि गेला. त्यानंतर फोन नाही.

भूपालला बायको नसल्याचं दुःख झालं. ताट एकच वाढायचं, दिवा आपणच लावायचा, हे सगळं लागत होतं. पण आपलं चुकलं, असं काही मनात येत नव्हतं. लोक समजूत घालायला यायचे, "स्वतःला दोष देऊ नका," म्हणायचे. तो मान हलवायचा. तो देतच नव्हता.

पट्टीचा परिणाम टिकायला दर सहा महिन्यांनी उजळणी लागते. ती त्याची चुकली. मग पद्मल गेल्यानंतर पाचव्या महिन्यात एकदा सकाळी तो घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. कुलूप ओढून बघितलं. पुन्हा निघाला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा कुलूप हातात धरलेलं असताना तो सोमवार त्याच्या अंगावर आला. डाव्या हाताची कळ. आठ मिनिटं. तिचं ते बघणं. त्याने कुलूप काढलं, आत जाऊन चुलीपाशी फरशीवर बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. त्या दिवशी कारखान्यात गेला नाही. पुढच्या कुठल्याच उजळणीलाही गेला नाही.

सहीला नकार दिल्याची बातमी भट्टीवर पोचायला वेळ लागला नाही. गुरुवारी सकाळी त्रिशला खोत त्याच्यापुढे उभी राहिली.

त्रिशला नऊ जणांतली. वय अठ्ठावीस. कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथे, आठ वर्षं काम केलेली, आणि माणूस कमी पडलं की भट्टीवर लेडलही सांभाळणारी. आता भट्टी आणि ओतकामाचं सेक्शन तिला मिळायचं होतं. तिथे आजवर बाई हेड झाली नव्हती. त्या आठवड्यात पहिली पाळी तिच्या ताब्यात देऊन बघत होते.

"मामा, माझ्या वाटंत का आडवं आलासा?"

"तुझ्या न्हाई, पट्टीच्या."

"माझ्याबी तेच आणि पट्टीच्याबी तेच. हितं सगळी काय म्हणत्यात म्हायती हाय न्हवं? बाईमाणसाला ठरवायला जमत न्हाई. मी आठ वर्षं ऐकून घेतो हे." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी ती पुरुषासारखी बोले. सरपोतदारला त्याची अजून सवय झाली नव्हती. "आता आकडा हाय. माझी रेघ नऊ जणांत सगळ्यात सरळ हाय. आता म्हणू देत कोण म्हणतंय ते! आणि तुमी, ज्यानं मला लेडल धरायला शिकवलं, तुमीच पेनाला टोपण लावून बसलासा?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

मागे बापू चौगुले ओरडला, "त्रिशलाबाई, लेडल तयार हाय. काय करू?"

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यांकडे नेणारं मोठं भांडं. त्याला आतून मातीचं अस्तर असतं. आजची लेडल नव्या अस्तराची होती. त्रिशलाने खांबावरच्या पडद्याकडे पाहिलं. हिरवा दिवा.

"घ्या भरून!" ती म्हणाली.

"भरू नका!" भूपाल ओरडला.

बापूचा हात थांबला. भट्टी तिरकी व्हायची थांबली.

नव्या अस्तरात ओल राहिली आणि तिच्यावर चौदाशे अंशांचं लोखंड पडलं, तर ओलीची क्षणात वाफ होते. वाफेला जायला जागा नसते. मग ती लोखंडासकट बाहेर येते. यंत्र लेडलच्या वरच्या अंगाची उष्णता मोजतं, आतली ओल त्याला दिसत नाही. म्हणून जुनी माणसं अस्तर सुकवणारा बर्नर बाजूला करून, थोडं थांबून, गार पत्र्याचा तुकडा लेडलच्या तोंडावर धरत. पत्र्यावर वाफ धरली तर ओल आहे. भूपालने हे त्रिशलाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि आठ वर्षांत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं. यंत्र आल्यावरही नाही. पोरं तिला हसायची तरी.

भूपालने पत्रा आणला आणि धरला. सगळे बघत होते. पत्रा पांढरा झाला, मग कडेने थेंब ओघळला.

लेडलभोवती सहा माणसं उभी होती. बापूला दोन लेकी होत्या.

त्रिशला पत्र्याकडे बघत होती. तिचा चेहरा घाबरलेला नव्हता, आणि भूपालला तेच बघवेना.

"पत्रा का धरला न्हाईस?"

"मामा..." ती हळू म्हणाली. "मला काही वाटलंच न्हाई."

भूपालने पत्रा खाली ठेवला. तिला हाताला धरून बाहेर वाळूच्या ढिगापाशी नेलं आणि तो सोमवार सांगितला. पोराशिवाय कुणालाही न सांगितलेला. झुणका, सोडा, नळाचं वायसर, सगळं.

"मामींना मी शेवटचं हळदीकुंकवात बघितलं," त्रिशला म्हणाली. मग हाताची बोटं चोळू लागली. "मला आता भ्या वाटाय पायजे होतं, मामा. सहा माणसं. मला कळतंय, भ्या वाटाय पायजे. पण येत न्हाई."

"येईल परत. पट्टी सोडलीस तर."

"आणि सेक्शन?"

त्याला खोटा धीर देता आला असता. "ते मला सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने अजितला फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. पोराने उचलला, पण हॅलो म्हटलं नाही.

"अजित, मी चुकलो. तिला न्यायला पायजे होतं. दवाखाना आठ मिनिटांवर होता."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग पोरगा म्हणाला, "जेवलासा काय?"

"न्हाई अजून."

"जेवा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. भूपालने पिठलं केलं आणि जेवला.

रविवारी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये नऊ जण, फॅक्टरी मॅनेजर आणि सरपोतदार बसले होते. सरपोतदारने नेहमीप्रमाणे स्वतः पट्टी लावली होती. त्याची रेघ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होती, सरळ, बारीक, निळी. नव्या तुकडीपुढे तो नेहमी असं करी.

"काका, सही?"

"सही न्हाई. पण मला एक पट्टी द्या."

सरपोतदारला बरं वाटलं. त्याला वाटलं, उजळणी. त्याने स्वतः उठून भूपालच्या कपाळावर पट्टी बसवली. पडद्यावर निळ्या रेघेखाली दुसरी, तांबडी रेघ सुरू झाली.

भूपालला भाषण येत नव्हतं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"माझी बायको सोमवारी दुपारी म्हणाली, छातीत जळजळतंय," त्याने सुरुवात केली.

तांबडी रेघ घसरली. हॉलच्या कोपऱ्यातल्या स्पीकरमधून जड सूर निघाला.

"मी म्हणालो, पित्त हाय. तिनं विचारलं, दवाखान्यात जाऊया काय. मी म्हणालो, काय गरज न्हाई."

रेघ पुन्हा घसरली, आणखी खोल. सूर थांबेना. मॅनेजर म्हणाले, "मगदूम, पट्टी काढा, हे बरं नाही."

"काढत न्हाई. ही रेघ माझी हाय साहेब, बघू देत सगळ्यांनी. ह्या खोलीत चाळीस वेळा बसवून तुमी ती सरळ केलीसा, आणि मी आनंदानं करून घेतली. फोटोबी काढून घेतला. त्या दुपारी ही रेघ एवढीशी खाली आली असती," त्याने दोन बोटं जवळ आणून दाखवली, "तर मी रिक्षा बघायला पळालो असतो. ती वाचली असती का नसती, ठाऊक न्हाई. पण मी पळालो असतो. आता ही रेघ परत आलीया. लागतंय. रोज सकाळी लागतंय. तरी ही मी कुणाला देत न्हाई. आणि ह्या नऊ जणांची काढायला माझी सही मिळणार न्हाई. गुरुवारी लेडलवर काय झालं ते बापू चौगुलेला विचारा."

तो खाली बसला. सूर हळूहळू उतरला. मागे कुणीतरी नाक ओढलं. फॅक्टरी मॅनेजर टेबलाकडे बघत होते.

"थँक्यू काका," सरपोतदार म्हणाला. "ठीक आहे. पुढचा मुद्दा घेऊ. मार्गदर्शकाची जागा रिकामी झाल्यामुळे..."

त्याचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते. त्याची निळी रेघ तिथे चालली होती. भूपाल बोलत होता तेव्हाचा भाग अजून पडद्यावर होता. सरळ.

त्रिशला उठली. "सर, एक विचारतो. मामा बोलत होते तवा तुमाला काय वाटलं?"

सरपोतदारने खरंच आठवून बघितलं. तो प्रामाणिक माणूस होता.

"काही नाही," तो म्हणाला. "का?"

आधी नऊ जणांतला सलीम मुजावर उठला, मग कोअर शॉपमधली आक्काताई. दोघांनी पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्यामागून आणखी एक जण. पाच जण बसून राहिले. त्यांचीही काही कारणं असतील. भूपालने त्यांच्याकडे रागाने पाहिलं नाही, तोही एकदा तसाच बसला होता.

त्रिशलाने आपली पट्टी काढली. "वीस झाल्या त्या झाल्या. उरलेल्या वीस मी घेत न्हाई. पण सेक्शन मी सोडलेलं न्हाई. मागणारच."

"निश्चय पूर्ण केल्याशिवाय सेक्शन देता येत नाही," मॅनेजर म्हणाले. "नियम आहे."

"मग तसं लिहून द्या, साहेब. हिला शंका येतीया म्हणून हिला हेड करत न्हाई, असं. सहीनिशी."

तसं कुणी लिहून दिलं नाही. तिला मिळालेल्या कागदावर फक्त 'अपात्र' असं होतं. भूपालला वाळूच्या प्लांटवर टाकलं. निवृत्तीला चौदा महिने होते. गेटवरचा फोटो निघाला आणि तिथे रोहन घोरपडेचा लागला. घोरपडे बसून राहिलेल्या पाचांतला. त्याच्या चाळीस बैठका झाल्या आणि भट्टीचं सेक्शन त्याला मिळालं. पोरगा वाईट नव्हता. कामाला चोख होता, माणसांना नावाने हाक मारायचा.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मोठी ऑर्डर लागली होती. भूपाल वाळू वाहून नेणाऱ्या पट्ट्यापाशी फावडं घेऊन उभा होता, तिथून भट्टी समोर दिसे. त्रिशला कोअर शॉपच्या दारात गाभ्यांची ट्रॉली घेऊन आली होती. लेडल भरली होती. खांबावर सगळे दिवे हिरवे होते.

"ओता," घोरपडे म्हणाला.

बापू चौगुलेने हँडल धरलं आणि फिरवायच्या आधी मान वळवून दाराकडे पाहिलं. सलीमनेही पाहिलं. मग त्याच्या शेजारच्याने.

त्रिशलाच्या कपाळाला आठी पडली होती. भूपालने ती दुरून ओळखली.

"थांबा," ती म्हणाली.

"का?" घोरपडेने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"अजून ठाऊक न्हाई." तिने ट्रॉली तिथेच सोडली आणि साच्यांकडे चालू लागली. "बघतो. तोवर कुणी लेडल हलवायची न्हाई."

"इथला हेड मी आहे," घोरपडे म्हणाला. "ओता, बापू."

बापूने हँडलवरचे दोन्ही हात काढून घेतले आणि कमरेवर ठेवले.